प्रत्यर्पण, प्रत्यार्पण आणि हद्दपारी

इंदूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे: परदेशात लपलेल्या आरोपीला तिथल्या सरकारने आपल्या ताब्यात देण्याला इथली हिंदी वर्तमानपत्रं 'प्रत्यर्पण' छापतात, महाराष्ट्रातली मराठी 'प्रत्यार्पण'. बरोबर कोणतं? आणि सरळ 'हद्दपारी' लिहिलं तर?

'प्रत्यर्पण' लिहावं. प्रति + अर्पण, जसं प्रत्यक्ष, अत्यंत. मराठीतला जादा काना बहुधा 'प्रत्यारोपण'वरून आला असावा. पण तिथे मूळ शब्दच 'आरोपण' आहे. १९६२ च्या कायद्याचं हिंदी नावही 'प्रत्यर्पण अधिनियम' आहे. एरवी हिंदीच्या प्रभावाबद्दल आपण कुरकुरतो, इथे तिचं ऐकावं.

'हद्दपारी' मात्र नको. मराठीत ती (किंवा तडीपारी) म्हणजे गुंडाला जिल्ह्याबाहेर घालवणं, आपल्या मध्य प्रदेशातलं 'जिलाबदर'. दुसऱ्या देशाने परक्या माणसाला घालवून दिलं तर ते निष्कासन, आणि तेही प्रत्यर्पण नव्हे. छोटा राजनचं २०१५ मध्ये इंडोनेशियाने निष्कासन केलं; अबू सालेमचं २००५ मध्ये पोर्तुगालने प्रत्यर्पण केलं. बातम्यांत दोघांनाही 'भारतात आणलं'. पण प्रत्यर्पणासाठी सहसा ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावं लागतं, तिथलं न्यायालय कागद तपासतं, आणि ज्या गुन्ह्यासाठी माणूस सोपवला त्यापलीकडे खटला चालवण्यावर आपल्या १९६२ च्या कायद्याचं कलम २१ बंधन घालतं. शिवाय अटी येतात. सालेमला फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैद नाही, अशी हमी भारताने दिली होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला ती पाळायला सांगितलं.

'रेड कॉर्नर नोटीस' म्हणजे फरार माणसाला शोधून तात्पुरतं पकडावं, अशी इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेने देशोदेशीच्या पोलिसांना केलेली विनंती. तिला काही जण 'आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट' म्हणतात, तेही चूक. वॉरंट आपल्याच न्यायालयाचं असतं. ते घेऊन पोलीस सीबीआयकडे विनंती करतात (२०२५ पासून 'भारतपोल' पोर्टलवरून), सीबीआय ती फ्रान्समधल्या ल्योंला इंटरपोलच्या मुख्यालयाकडे धाडते. प्रकरण राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाचं वाटलं तर इंटरपोल नोटीस काढत नाही. निघालीच, तरी अटक करायची की नाही हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो.

प्रत्यर्पणाची मागणी निराळी, ती परराष्ट्र मंत्रालयामार्फत जाते. गाडं अडतं ते इथे. नोटीस निघाली म्हणून निर्धास्त राहिलं, भाषांतरित आणि प्रमाणित कागद तयार ठेवले नाहीत, आणि तिकडे माणूस तात्पुरता पकडला गेला, की मुदत धावू लागते. अमेरिकेशी झालेल्या १९९७ च्या करारात ती ६० दिवसांची आहे. तेवढ्यात रीतसर मागणी पोचली नाही तर तो सुटू शकतो. म्हणून नुसत्या नोटिशीच्या बातमीला 'प्रत्यर्पण सुरू' असा मथळा देऊ नये.