दप्तरातला ‘रुमाल’ म्हणजे किती कागद?

प्रश्न असा आहे: ‘पुण्याच्या पेशवे दप्तरात सुमारे ३९ हजार रुमाल आहेत’ असं वाचलं. यात मोजलंय काय, कापडं की कागद?

दप्तर म्हणजे जुन्या कागदपत्रांचा साठा, आणि त्यात मोजलेत ते गठ्ठे. फारसीत ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा. थोडक्यात, तोंड पुसायचं फडकं. मराठीत ते डोक्यालाही बांधलं गेलं आणि कागदांनाही, मग कापडाचं नाव गठ्ठ्याला चिकटलं. एका रुमालात अनेक पुडकी, पुडक्यात सुटे कागद. त्यामुळे रुमालांवरून कागदांचा हिशेब मांडू नका. एखादा शेकड्यात भरतो, एखादा हजारात.

‘दप्तर’ही फारसीतूनच आलं, पण त्याचं मूळ ग्रीक ‘डिफ्थेरा’, म्हणजे कातडं. पोरांच्या पाठीवरचं दप्तर तेच. (घटसर्पाचं ‘डिफ्थेरिया’ हे नावही त्याच कातड्यावरून पडलं, घशात धरणाऱ्या पापुद्र्यामुळे.) अशा साठ्याला सरकारी शब्द ‘पुराभिलेखागार’. तो चूक नाही, पण ‘अभिलेख’ म्हटलं की शिलालेख-ताम्रपटही डोळ्यांपुढे येतात. मोडी कागदांच्या साठ्याला मला ‘दप्तर’च नेमकं वाटतं.

कागद बांधायच्या कापडाला ‘बासन’ असंही म्हणतात. आज ‘प्रस्ताव बासनात गुंडाळला’ म्हणजे त्याची वाट लागली. दप्तरात मात्र बासनात गेलेला कागदच टिकतो.

घरात किंवा देवस्थानात असा रुमाल निघाला तर आधी आहे त्या क्रमाचे फोटो काढा. तारखेप्रमाणे किंवा विषयवार लावायचा मोह आवरा. कोणता कागद कोणाशेजारी होता, यावरूनच बिनतारखेच्या चिठ्ठीचा काळ लागतो. पुडकं सोडलं की तो पुरावा गेला.

नवं कापड म्हणजे कोरं मांजरपाट. खळ पूर्ण निघेपर्यंत गरम पाण्यात दोन-तीनदा धुवा, कारण खळीला झुरळं आणि कसर लागते. लाल खारवा (जाडंभरडं सुती कापड) दिसतो छान, पण पावसाळ्यात कच्चा रंग कागदावर उतरतो. गठ्ठ्याच्या वर-खाली कागदांपेक्षा बोटभर मोठा पुठ्ठा ठेवा, समोरासमोरची टोकं आणून सरगाठ मारा. गाठ आवळली की कडा मुडपतात आणि घडीवर कागद तुटतो. कडुलिंबाचा पाला घालायचाच तर खडखडीत वाळलेला. ओला पाला बुरशीला आमंत्रण. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर नकोच. क्रमांक घालायचा तो पुडक्याच्या वेष्टनावर, शिसपेन्सिलीने.