ग्राट्सची नगर परिषद निवडणूक: घरात तीन माणसं, मतं कुणाकुणाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या वर्षी पुण्याहून ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात येताय. तुमचा पासपोर्ट भारतीय, वडील मूळ गोव्याचे असल्यामुळे पत्नीचा पोर्तुगीज, आणि सोळा पूर्ण झालेल्या मुलाचा भारतीय. गेमाइंडेराटच्या, म्हणजे नगर परिषदेच्या निवडणुकीत मत देता येईल का, आणि त्यासाठी आल्यावर काय करावं लागेल?

पत्नीला येईल. युरोपीय संघाच्या कोणत्याही देशाचा नागरिक शहरात मुख्य पत्त्यावर नोंदलेला असेल आणि १६ वर्षांचा असेल, तर त्याला हे मत आहे. तुम्हाला आणि मुलाला नाही. इथे किती वर्षं राहिलात, कर किती भरलात, याने त्यात फरक पडत नाही. व्हिएन्नाने २००२ मध्ये पाच वर्षं राहिलेल्या बाहेरच्या नागरिकांना निदान वॉर्डपातळीवर मत द्यायचा कायदा केला होता, तो घटना न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केला. व्हिएन्नाचाही पर्याय डोक्यात असेल तर एक लक्षात ठेवा: तिथली नगर परिषद हीच राज्याची विधानसभा आहे, म्हणून तिथे पत्नीला फक्त आपल्या बेत्सिर्कपुरतं, म्हणजे शहराच्या आपल्या भागापुरतं मत मिळेल. ग्राट्समध्ये पूर्ण मिळतं.

पण तुम्ही दोघं अगदीच रिकाम्या हाताने बसणार नाही. ग्राट्समध्ये युरोपीय संघाबाहेरच्या रहिवाशांसाठी मिग्रांटेनबायराट नावाचं निवडून आलेलं सल्लागार मंडळ आहे. २०२१ मध्ये त्याचं मतदान नगर परिषदेबरोबरच झालं. निर्णय घ्यायचा अधिकार त्याला नाही, शिफारस करता येते. मतदान फार कमी होतं, आणि त्यामुळेच मंडळाचं म्हणणं हलक्यात घेतलं जातं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की तुम्ही आणि मुलगा दोघांनीही जरूर जा.

या सगळ्याचा पाया एकच कागद आहे, मेल्डेत्सेटेल, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीचा अर्ज. घरात राहायला गेल्यापासून तीन दिवसांत नोंद करायची. फी नाही, पण टाळली तर ७२६ युरोपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, सोबत मूळ पासपोर्ट, आणि अर्जावर जागा देणाऱ्याची सही. चुका इथेच होतात. "हाउप्टवोनझित्स" म्हणजे मुख्य निवास. त्यापुढे हो आणि नाही असे दोन चौकोन असतात. आपलं खरं घर पुण्यात, असा विचार करून अनेकजण "नाही"वर खूण करतात, आणि मताचा हक्क तिथेच जातो. "हो"वर खूण करा. दुसरं म्हणजे पत्ता: घर क्रमांकानंतर जिना आणि दार क्रमांकही लिहायचा असतो. तो राहिला, किंवा टपालपेटीवर तुमचं आडनाव नसलं, की मतदानाची सूचना परत जाते. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल तर निघण्याआधीच भारतात दुरुस्त करून घ्या; नाहीतर प्रत्येक कार्यालय नाव वेगळंच तोडतं. तात्पुरत्या भाड्याच्या खोलीत उतरणार असाल तर मालक सही देईल का हे पैसे भरण्याआधी विचारा.

याशिवाय पत्नीने चार महिन्यांच्या आत आन्मेल्डेबेशायनिगुंग (युरोपीय संघाच्या नागरिकाचा नोंदणी दाखला) घ्यायचं, आणि तुम्ही तिचे कुटुंबीय म्हणून त्याच मुदतीत आउफेन्टहाल्ट्सकार्टेचा (निवास कार्डाचा) अर्ज करायचा. मताशी याचा थेट संबंध नाही, राहण्याशी आहे.

मतदारयादीसाठी निवडणुकीच्या बरीच आधीची एक तारीख धरतात, श्टिखटाग. त्या दिवशी नोंद हवी. नंतर यादी काही दिवस पाहायला खुली असते. पत्नीने नाव तपासावं, नसेल तर त्याच मुदतीत दुरुस्तीचा अर्ज द्यावा. मतदानाच्या दिवशी काही करता येत नाही. पोस्टाने मत द्यायचं तर वालकार्टे, म्हणजे टपाली मतदानाचं पाकीट मागवायचं आणि पाकिटावरच्या प्रतिज्ञेखाली सही करायची. सही विसरली तर मत बाद.

आता तिच्यापुढे काय असेल? आपल्यासारखा प्रभाग नाही, प्रभागाचा नगरसेवक नाही. पूर्ण शहराच्या ४८ जागांसाठी पक्षांच्या याद्या असतात. पक्षापुढे फुली मारायची, वाटलं तर त्या यादीतल्या पसंतीच्या उमेदवाराला पसंतीचं मत द्यायचं. २६ सप्टेंबर २०२१ ला कम्युनिस्ट पक्ष केपीओ २८.८ टक्के मतांवर पहिला आला, १५ जागा. पुराणमतवादी पक्ष ओव्हीपीला १३, ग्रीन पक्षाला ९. महापौर थेट निवडला जात नाही, परिषद निवडते. १७ नोव्हेंबर २०२१ ला एल्के कार यांची तशी निवड झाली. सात जणांचं श्टाटझेनाट, म्हणजे शहराचं कार्यकारी मंडळ मात्र पक्षांच्या ताकदीनुसार वाटलं जातं, तेव्हा ते चार पक्षांत ३, २, १, १ असं पडलं. म्हणजे विरोधकांकडेही खाती असतात. घरभाड्याची तक्रार घेऊन जाताना खातं कुणाकडे आहे हे आधी पाहा, महापौरांच्या पक्षाकडेच असेल असं धरू नका.

नागरिकत्व घेतल्यावर तुम्हालाही मत मिळेल. साधारण दहा वर्षं, जर्मन भाषा बी२ पातळीची येत असेल तर सहा. त्यात भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. तोवर, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं, नोकरी लागल्यावर आर्बायटरकामरच्या (कामगारांच्या प्रातिनिधिक संस्थेच्या) निवडणुकीत राष्ट्रीयत्व न पाहता मत मिळतं, कंपनीतल्या बेट्रीब्सराटलाही (कर्मचारी प्रतिनिधी मंडळालाही) मिळतं. मुलगा विद्यापीठात गेला की विद्यार्थी संघटनेला, ओहाला. सार्वजनिक प्रश्नांवरच्या सभेला जायला तुम्हाला हरकत नाही, पण तिचे आयोजक किंवा प्रमुख होऊ नका. बाहेरच्या नागरिकाला कायद्याने ती मनाई आहे.

पुण्याच्या मतदारयादीतलं तुमचं नाव टिकवायचं तर परदेशस्थ मतदार म्हणून फॉर्म ६ए भरा. पोस्टाने किंवा ऑनलाइन मत मात्र देता येत नाही. मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर हजर व्हावं लागतं.