‘विचारणा’, ‘खटला’ आणि विसरलेलं ‘थळ’

खानापूरकडच्या एका मराठी शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. वादविवाद स्पर्धेसाठी त्यांनी फळ्यावर विषय लिहिला : ‘पदच्युत हुकूमशहांची विचारणा देशातल्या कोर्टाने करावी की आंतरराष्ट्रीय कोर्टाने?’ शेजारच्या वर्गावरचे सर म्हणाले, ‘विचारणा’ चूक, ‘खटला’ लिहा. यात बरोबर कोण? आणि ‘कुणाच्या कोर्टात’ हा जो वादाचा खरा मुद्दा, त्यासाठी मराठीत एखादा नेमका शब्द आहे का?

बाई, सर बरोबर आहेत. पण तुमची चूक कुठून आली ते बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या माणसाला सांगावं लागणार नाही. कन्नडमध्ये कोर्टातल्या सुनावणीला ‘विचारणे’ म्हणतात. आमच्या वडिलांचा बांधाचा दावा चालू होता तेव्हा घरात वाक्य ठरलेलं असायचं, ‘सोमवारी विचारणे हाय, भाकरी लवकर बांध.’ नोटिशीवर छापलेला शब्द असा चुलीपर्यंत येतो आणि तिथून शाळेच्या फळ्यावर जातो. प्रमाण मराठीत मात्र विचारणा म्हणजे नुसती चौकशी. पगार कधी होणार याची विचारणा होते, खुनाच्या आरोपाची होत नाही. (कन्नडनंही उसनं घेतलंय बरं का. आपला ‘खटला’ तिकडच्या कन्नडमध्ये ‘खटले’ होऊन सुखानं नांदतो.) तरी तुमचा शब्द अगदीच वाऱ्यावर सोडू नका. मराठीत आपण ‘जाब विचारतो’, आणि हुकूमशहाच्या बाबतीत लोकांच्या मनात तेच असतं.

आता खटला. तो भरणारा एक, चालवणारा दुसरा आणि निकाल देणारा तिसरा. सरकार किंवा फिर्यादी खटला भरतं, सरकारी वकील तो चालवतो, न्यायाधीश निकाल देतो. ‘न्यायालयाने खटला चालवावा’ हे वर्तमानपत्री मराठीत रुळलंय, मी त्याला चूक म्हणणार नाही. पण तुमचा प्रश्न जागेचा आहे, म्हणून ‘खटला कुठे चालावा’ ही रचना मला जास्त सरळ वाटते.

एक घोळ मात्र मुलांना आधीच दाखवून द्या. नेदरलँड्समधल्या हेग शहरात दोन वेगळी न्यायालयं आहेत आणि आपली वर्तमानपत्रं दोघांनाही ‘आंतरराष्ट्रीय न्यायालय’ म्हणून मोकळी होतात. एकात देश देशाविरुद्ध जातो. तिथं चालतो तो दावा. कुलभूषण जाधव प्रकरणात 2019 साली निकाल दिला तो या न्यायालयानं, आणि तो दावा भारताचा पाकिस्तानविरुद्ध होता. जाधवांवरचा खटला पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयात झाला होता. दुसरं ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. ते 1998 च्या रोम करारातून आलं, 2002 पासून आहे, आणि तिथं आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस उभा राहतो, देश नाही. भारत त्याचा सदस्य नाही. तुमच्या विषयात येतं ते हे दुसरं. दावा आणि खटला यांतला फरक सीमाभागात समजावून सांगायला अवघड जाऊ नये. महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या सीमाप्रश्नाला आपण ‘दावा’च म्हणतो.

‘पदच्युत’बद्दल थोडक्यात. च्युत म्हणजे घसरलेला, ढळलेला. जो ढळत नाही तो अच्युत. म्हणजे शब्दाच्या पोटात ‘कुणी ढकललं’ हे नाही, आणि हुकूमशहा सहसा आपण होऊन घसरत नाहीत. तरी शब्द रूढ आहे, राहू द्या. फक्त ‘पायउतार’ त्याच्या जागी घालू नका. लायबेरियाचा चार्ल्स टेलर 2003 मध्ये दबावाखाली का होईना, राजीनामा देऊन पायउतार झाला. सद्दाम हुसेनला परक्या फौजेनं खाली ओढलं. आणि ‘महाभियोग’ तर नकोच, तो खुर्चीवर बसलेल्यावर चालवायचा असतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मी हे लिहायला बसलो ते त्याच्यासाठी.

शब्द आहे : थळ. मराठेशाहीच्या कागदपत्रांत तो भेटतो. वतनाचा तंटा आधी गावच्या किंवा परगण्याच्या गोतसभेपुढे, म्हणजे तिथल्याच लोकांच्या निवाडा करणाऱ्या सभेपुढे जायचा. पण गोतातले लोक शेजारी, भाऊबंद, देणेकरी. एखाद्या पक्षाला वाटलं की इथं आपल्याला न्याय मिळणार नाही, तर तो दुसरं थळ मागायचा, म्हणजे निवाड्याची दुसरी जागा. त्यालाच परस्थळ म्हणत. मग वादी-प्रतिवादी दूरच्या गोतापुढे उभे राहायचे. आज ‘स्थळ’ फक्त लग्नाचं उरलंय. (चांगलं स्थळ मिळणं तिथंही अवघडच.)

याच व्यवहारातला आणखी एक शब्द म्हणजे राजीनामा. निवाडा सुरू होण्याआधी दोन्ही पक्ष लिहून द्यायचे की जो निर्णय होईल त्याला आम्ही राजी आहोत. तो कागद म्हणजे राजीनामा. पद सोडण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला. हुकूमशहाची गोची बघा : बहुतेक जण खुर्चीचा राजीनामा देत नाहीत आणि निवाड्याचा तर नाहीच नाही. सर्बियाच्या मिलोसेविचवर हेगमध्ये खटला चालला तो युगोस्लाव्हियातल्या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या वेगळ्या न्यायाधिकरणात, आणि त्यानं ते न्यायाधिकरणच मानायला नकार दिला. सद्दामनं बगदादमध्ये खटल्याच्या पहिल्या दिवशी स्वतःचं नाव सांगायला. एक परस्थळी, दुसरा घरच्या थळी, तऱ्हा तीच. म्हणून ‘आरोपीला मान्य असेल ते कोर्ट’ हा मुद्दा एखाद्या मुलानं मांडला तर त्याला तिथंच अडवा.

थळ हा शब्द हातात घेतला की खटले वेगळे दिसायला लागतात. टेलरचंच बघा. त्याच्यावरचा खटला ज्या विशेष न्यायालयात होता ते शेजारच्या सिएरा लिओनमधल्या युद्धगुन्ह्यांसाठीचं, आणि तिथल्याच फ्रीटाउनमध्ये होतं. तिथं खटला चालला तर पुन्हा दंगा पेटेल या भीतीनं 2006 मध्ये त्याला हेगला नेलं. न्यायालय तेच, थळ बदललं. 2012 मध्ये त्याला 50 वर्षांची शिक्षा झाली. चाडचा हिसेन हाब्रे 1990 मध्ये सत्तेवरून गेला आणि सेनेगलमध्ये जाऊन राहिला. 2016 साली डाकारमध्ये, आफ्रिकी महासंघाच्या संमतीनं उभारलेल्या विशेष न्यायालयात त्याला जन्मठेप झाली. घरचं गोत नाही आणि युरोपातली कचेरीही नाही. जुन्या अर्थानं याला मी पक्कं परस्थळ म्हणेन.

सद्दामचं उलटं. थळ घरचं होतं, पण न्यायाधिकरण उभं राहिलं ते परकी फौज देशात असताना. गाव आपलं आणि पाटील बाहेरून नेमलेला, अशातला प्रकार. बचावाच्या वकिलांचे खून झाले, मुख्य न्यायाधीशानं मध्येच काम सोडलं, आणि इराकच्या दुजैल गावातल्या 148 जणांच्या हत्येच्या खटल्यात 2006 च्या डिसेंबरात फाशी झाली. कुर्दांच्या कत्तलीचा त्याच्यावरचा दुसरा खटला तेव्हा अर्धाच झाला होता. त्या लोकांचा जाब विचारायचा राहूनच गेला.

माझा कल विचाराल तर घरच्या थळाकडे. अर्जेंटिनानं 1985 मध्ये स्वतःच्या लष्करशहांवर स्वतःच्या नागरी न्यायालयात खटला चालवला, साक्षी त्यांच्याच भाषेत झाल्या आणि त्यांतला म्होरक्या विदेला याला जन्मठेप मिळाली. पुढे 1990 मध्ये त्याला माफी मिळाली. घरच्या गोताचा हाच दोष, वारं फिरलं की गोतही फिरतं. पण ती माफीही त्याच देशानं नंतर रद्द ठरवली, आणि तो 2013 मध्ये तुरुंगातच मेला. रोम करारही हाच क्रम धरतो : आधी घरचं न्यायालय, ते राजी नसेल किंवा त्याला झेपत नसेल तरच बाहेरचं. गोतसभेची तुलना फार ताणू नका एवढंच. तिथं वतनदारांचे तंटे चालत, छत्रपतींवर किंवा पेशव्यांवर कुणी थळ मागितलं नव्हतं.

जाता जाता ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण. बांगलादेशातल्या ज्या ‘आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरणा’नं नोव्हेंबर 2025 मध्ये शेख हसीना यांना त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली, ते त्या देशाचं स्वतःचं न्यायालय आहे, 1973 च्या त्यांच्याच कायद्याखालचं. नावात आंतरराष्ट्रीय आहेत ते गुन्हे, न्यायाधिकरण नव्हे. हसीना हुकूमशहा होत्या का, हा वेगळा वाद. पण एखादा हुशार मुलगा हे उदाहरण चुकीच्या बाजूनं फेकणार हे नक्की, तेव्हा परीक्षकांना आधी सांगून ठेवा.

तर फळ्यावर असं लिहा : ‘पदच्युत हुकूमशहांवरील खटला कुठे चालावा : घरच्या थळी की परस्थळी?’ कंसात ‘देशातील न्यायालय / आंतरराष्ट्रीय न्यायालय’ टाका, नाहीतर पालक विचारतील की शाळेत लग्नं कसली जमवताय.