पित्ताम्लं (लिव्हर बनवतं ती पित्तातली ॲसिडं) एफएक्सआर या रिसेप्टरला, म्हणजे पेशीतल्या स्विचसारख्या प्रथिनाला, आपोआप चालू करतात, मग त्यासाठी नवीन रेणू कशाला बनवायचा?

औषधं बनवण्याच्या केमिस्ट्रीतला आहे, त्यामुळे त्या बाजूने सांगतो. शरीरातला रेणू गोळी करून देतातच की, चेनोडीऑक्सिकोलिक ॲसिड हे पित्ताम्ल (पुढे सीडीसीए म्हणतो) पित्ताशयातले खडे विरघळवायला वापरलं गेलंय. पण लिव्हरमध्ये पित्ताम्लं भरपूर असतात त्यामुळे एफएक्सआरला ती थोड्या प्रमाणात असताना ओळखायची गरजच पडत नाही, टेस्टमध्ये सीडीसीए साधारण ८-९ मायक्रोमोलर घातलं तेव्हा कुठे तो अर्धा चालू झाला. शिवाय पित्ताम्लं टीजीआर५ नावाच्या दुसऱ्याच रिसेप्टरलाही चालू करतात, आणि जास्त झाली की पेशीचं आवरणच विरघळवायला लागतात.

२००२ मध्ये इटलीतल्या पेरुजियाच्या रोबेर्तो पेलिचियारी यांच्या टीमने सीडीसीएचा सांगाडा तसाच ठेवला आणि फक्त सहाव्या कार्बनवर वेगवेगळे गट लावून बघितले. मिथाइल (एक कार्बन) लावला, बरं झालं. इथाइल (दोन कार्बन) लावला तर थेट ९९ नॅनोमोलरला (सुमारे ०.१ मायक्रोमोलर) अर्धा चालू, म्हणजे जवळपास नव्वद पट ताकद! आणि प्रोपाइल (तीन कार्बन) लावला की परत घसरलं, कारण रिसेप्टरच्या खाचेत त्या जागी तेलकट गटासाठी जागा आहे पण इवलीशी, दोन कार्बन बसतात, तिसरा अडकतो. हे मोजतात कसं तर रेणू आत बसला की रिसेप्टरच्या शेवटची हेलिक्स (स्प्रिंगसारखा वळलेला भाग) सरकते आणि तिथे को-ॲक्टिव्हेटरचा (रिसेप्टरला मदत करणाऱ्या प्रथिनाचा) तुकडा चिकटतो, त्या तुकड्याला चमकणारा टॅग लावलेला असतो.

दुसरा रस्ता म्हणजे स्टेरॉइडचा सांगाडाच सोडून द्यायचा. ग्लॅक्सोचा जीडब्ल्यू४०६४ असाच, २००० सालचा. ताकद भारी पण पोटातून नीट शोषला जात नाही, म्हणून लॅबपुरताच राहिला, पुढे सिलोफेक्सॉर वगैरे नवे रेणू त्याच्यावरूनच सुचले.

पण माझ्या मते ताकद वाढवणं हा सोपा भाग होता. तो इथाइलवाला रेणू म्हणजे ओबेटिकोलिक ॲसिड, २०१६ ला अमेरिकेत पीबीसी (प्रायमरी बिलिअरी कोलॅंजायटिस) या लिव्हरच्या आजारासाठी मंजूर झाला. आता एफएक्सआर चालू झाला की लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ल बनवणं कमी करतं, तेच तर हवं होतं, पण मग ते न वापरलेलं कोलेस्टेरॉल जाणार कुठे? एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं. वर अंगाला खाज, फॅटी लिव्हरच्या मोठ्या ट्रायलमध्ये २५ मिलिग्रॅमवाल्यांपैकी निम्म्यांना. स्टेरॉइड नसलेल्या ट्रोपिफेक्सॉरनेही खाज सुटलीच, म्हणजे दोष नुसत्या सांगाड्याचा नाही, मुळात एफएक्सआर चालू करण्याचाच आहे असं दिसतं. ओबेटिकोलिक ॲसिड २०२१ मध्ये बळावलेल्या सिरोसिसमध्ये देऊ नका असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं मंजूर करणाऱ्या संस्थेने) बजावलं, २०२३ मध्ये फॅटी लिव्हरसाठी नकार आला आणि २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेतून औषधच मागे घेतलं.

म्हणून आता काहीजण रेणू फक्त आतड्यातच राहील, रक्तात फारसा जाणारच नाही असा बनवायच्या मागे आहेत. फेक्सारामाइन तसाच, २०१५ मध्ये उंदरांवर छान चालला. तुम्ही प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर इथून सुरू करा, नव्वद पट वगैरे आता कोणी विचारत नाही.