जोहराबाईंची तीन मिनिटे

प्रश्न : जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकत असताना जोहराबाई आग्रेवाली यांचा जौनपुरी राग, 'मटकी मोरी रे गोरस', कानी पडला आणि तेव्हापासून तो मनातून जात नाही. परंतु शास्त्रीय संगीत आवडीने ऐकणाऱ्या मित्रांना तो पाठवला असता एकाने खरखरीची तक्रार केली, तर दुसऱ्याने 'या चित्रपटांत गाणाऱ्या ना?' असे विचारले. या बाई कोण होत्या आणि त्यांचे गाणे इतरांना कसे ऐकवावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : प्रथम नावाचा घोळ मिटवू. 'रतन' (१९४४) या चित्रपटात गायलेल्या त्या जोहराबाई अंबालेवाली. आग्रेवाली जोहराबाई त्यांच्या आधीच्या पिढीतल्या. १९१३ साली, म्हणजे आपल्याकडे बोलपट येण्याच्या कितीतरी आधी, त्या निवर्तल्या होत्या. ग्रामोफोन कंपनीने १९०८ मध्ये त्यांच्याशी वर्षाला पंचवीस गाण्यांसाठी अडीच हजार रुपयांचा करार केला, आणि १९११ पर्यंत त्यांची साठाहून अधिक गाणी मुद्रित झाली. आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांसारख्या गवयाने ज्यांना मानले, त्यांचे नाव आज जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारसे घेतले जात नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

आता खरखरीविषयी. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. कलावंताने मोठ्या कर्ण्यात तोंड घालावे तसे गायचे आणि आवाजाच्या कंपनांनी हलणाऱ्या सुईने मेणावर रेघ कोरायची, एवढीच यंत्रणा होती. तिच्यात साधारण २५० ते २,५०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा नीट उमटत असे. म्हणून तंबोरा जवळजवळ ऐकू येत नाही, तबला पोकळ वाटतो आणि सारंगी दुसऱ्या खोलीत वाजत असल्यासारखी भासते. इतके सगळे गळून पडल्यावरही जोहराबाईंचा खुला, भरदार, काहीसा मर्दानी आवाज अंगावर येतो, यावरून मूळ आवाजाचा अंदाज करावा. शिवाय तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. एरवी तासभर रंगणाऱ्या ख्यालातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे गायिकेला आधीच ठरवावे लागे. बाई आलापात रेंगाळत नाहीत. बंदिशीचे, म्हणजे रागात बांधलेल्या गीताचे, बोल हातात घेऊन त्यांच्याशी खेळतात, तान घेतात आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अशा येतात की घाई झाली असे क्षणभरही वाटत नाही. बऱ्याच तबकड्यांच्या शेवटी त्या स्वतःचे नाव पुकारतात. त्या काळच्या गायिका असे का करीत, हे मित्रांना जरूर सांगावे : मुद्रण इथे होई, पण तबकड्या जर्मनीत घडत असल्याने कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवायचे हे तिथल्या कामगारांना कळावे, यातून ही प्रथा पडली, आणि कारखाना कोलकात्यात निघाल्यावरही ती काही काळ टिकली.

पाठवण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासावी. या तबकड्यांचा वेग नेहमी काटेकोर मिनिटाला ७८ फेऱ्यांचा नसे, आणि मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने उतरवलेल्या प्रतीत स्वर चढतो, लय पळते व भरदार आवाज चिरका होतो. एकाच गाण्याच्या दोन-तीन प्रती महाजालावर सापडतात. त्या लागोपाठ ऐकल्या की कोणती स्वाभाविक आहे ते कान सांगतो. मित्राची तक्रार खरखरीपेक्षा या चिरकेपणाबद्दलही असू शकेल.

ऐकवण्याची माझी पद्धत अशी, की आरंभी इतिहास सांगू नये. फैयाज खाँसाहेबांची जौनपुरीतली 'फुलवन की गेंदन' ही ध्वनिमुद्रिका आधी लावावी. ती विद्युत, म्हणजे मायक्रोफोन वापरून केलेल्या, ध्वनिमुद्रणाच्या काळातली असल्याने कानाला सोपी जाते आणि राग, घराणे व बोलांची फेक यांची ओळख होऊन बसते. मग लगेच जोहराबाई. खाँसाहेबांच्या गाण्यातला तो ठसका वीस-पंचवीस वर्षे आधी एका बाईच्या गळ्यात ऐकून रसिक स्वतःच 'पुन्हा लावा' म्हणतो, असा अनुभव आहे. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकवू नये, कारण आधीच अरुंद असलेला आवाज त्यावर आणखी पातळ होतो. आणि एका वेळी एकच गाणे पाठवावे. जौनपुरी रुचला, तरच पुढे त्यांच्या गौड सारंग रागातल्या 'कजरा रे प्यारी'कडे वळावे.