गजर आधी लावू नका, ताट आधी उचला : दिनचर्येवरचे प्रश्न

प्रश्न : पहाटे पाचला उठणं, गरम पाण्यात मध-लिंबू, अंगाला तेल, सूर्यनमस्कार, संध्याकाळी साडेसातच्या आत जेवण असं सगळं एक तारखेपासून धरलं. नवव्या दिवशी सुटलं. दिवसभर डोकं जड, दुपारी झोप अनावर. कुठे चुकलं? (गृहिणी, सांगली)

उत्तर : यादीपेक्षा घाई नडली. सवय बदलण्याचं माप वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात दिलं आहे. जुनी सवय पाव हिश्शाने सोडावी, तेही झेपत नसेल तर पावाच्या पाव हिश्शाने, आणि चांगली त्याच मापाने धरावी. मध्ये एक, दोन, तीन दिवसांचं अंतर ठेवावं. याला पादांशिक क्रम म्हणतात. साडेसातला उठणाऱ्याला साडेपाच गाठायचे तर दोन तासांचे चार टप्पे होतात, अर्ध्या अर्ध्या तासाचे.

पण सुरुवात सकाळपासून करू नका. आधी रात्रीचं जेवण अर्धा तास अलीकडे आणा, मग झोप, मग गजर. तुम्ही झोपेची वेळ न हलवता नुसता गजर अलीकडे आणला असेल, तर तेवढी झोप रोज बुडाली. जड डोकं त्याचंच. दुपारी पेंग येत असेल तोवर पुढचा टप्पा नको.

पाचचा आग्रहही सोडा. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या 96 मिनिटं आधी सुरू होतो आणि 48 मिनिटं चालतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे साडेपाचला उठलं तरी तो साधतो. शिवाय ही वेळ सांगितली आहे ती निरोगी माणसाला. रात्रीचं जेवण पचलं नसेल, करपट ढेकर येत असतील, तर आणखी झोपावं.

मध मात्र गरम पाण्यात नकोच, ग्रंथांना ते मान्य नाही. पाणी पूर्ण निवल्यावर घाला किंवा नुसतं कोमट पाणी प्या. थायरॉइडची गोळी असेल तर ती आधी, साध्या पाण्यासोबत.

प्रश्न : अभ्यंगाला तेल किती लागतं? तेल लावलं की मला सर्दी होते. (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : सगळ्या अंगाला 30 ते 40 मिली तीळतेल पुरतं. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. गॅसवर थेट तापवलं की अंदाज चुकतो. हातापायांवर लांब हात, सांध्यांवर गोल. पंधरा-वीस मिनिटांनी अंघोळ. रोज जमत नसेल तर डोकं, कान आणि तळपाय एवढं तरी करावं, ग्रंथात भर याच तिघांवर आहे. तळपायांना मात्र बसूनच लावा आणि पुसल्याशिवाय न्हाणीघरात पाऊल टाकू नका.

सर्दीचं कारण बहुधा वेळेत आहे. कफ झालेला असताना किंवा अजीर्ण असताना अभ्यंग वर्ज्यच आहे, तापातही नको. आणि तेल लावून पंख्याखाली बसत असाल तर ते आधी थांबवा. अंगावर गरम पाणी घ्या, डोक्यावर नाही. केस आणि डोळे दोन्हींना ते मानवत नाही.

प्रश्न : रात्रपाळी अकरा ते सात. आम्हाला कसली दिनचर्या? (कामगार, चाकण)

उत्तर : ग्रंथात तुमचाही विचार झालेला आहे. सवय नसताना जागरण झालं, तर जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपावं, आणि तेही न जेवता. सात तासांची झोप बुडाली तर साडेतीन तास. घरी येऊन पोहे-उपमा हाणून आडवं झालं की अन्न पचत नाही, उठल्यावर तोंड कडू पडतं. म्हणून मुख्य जेवण पाळीच्या आधी, साडेआठ-नऊला. मध्यरात्रीनंतर भूक लागली तर लाह्या किंवा मुगाचं कढण. कँटीनचा वडा नको.

निम्म्याचा हिशेब अधूनमधून जागणाऱ्यांसाठी आहे. आठवडेच्या आठवडे रात्रपाळी असेल तर तेवढ्या झोपेवर भागणार नाही. खोली अंधारी करून सलग झोपा. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी झोपण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : रात्री दही का नको? (वाचक, नाशिक)

उत्तर : ते कफ वाढवतं आणि पचायला जड पडतं. दिवसाही रोज नको, गरम करून नको, अर्धवट विरजलेलं तर नकोच. खायचं तेव्हा मुगाच्या वरणासोबत किंवा तूप-साखर घालून.