गोन्सालो हे नाव मूळचं कुठलं? मुलाचं ठेवावं का?

ठेवा, बिनधास्त ठेवा. "पोर्तुगीजांचं नाव आता कशाला" असं सासरचे म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. हेच मी माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री ऐकलं. आमच्या ओटीवर थोरले काका म्हणाले, "दोनशे वर्षं त्यांचं जोखड वाहिलं, आता पोराच्या गळ्यात परत कशाला?" तेच धर्मपिता होणार होते, म्हणून सगळे गप्प. आई तेवढी आतून कांदे चिरता चिरता बोलली, "भावजी, संत गोन्सालो वसईचेच होते ना?"

होतेच. संत गोन्सालो गार्सिया 1557 च्या सुमारास वसईत जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन या धर्मसंघाचे ब्रदर झाले. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्यापुढे दुभाषी म्हणून उभे राहिले ते हेच. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत आणखी 25 जणांसोबत त्यांना क्रुसावर मारलं. 1862 मध्ये संतपद मिळालं. अशा माणसाचं नाव वसईतच परकं ठरवायचं?

आणि ते मुळात पोर्तुगीजांचं तरी कुठे आहे? पाचव्या शतकात व्हिसिगॉथ ही जर्मानिक टोळी स्पेन-पोर्तुगालकडे आली, त्यांच्या भाषेतलं हे नाव. जुन्या लॅटिन कागदांत ते गुंडिसाल्वुस असं येतं. पहिल्या भागाचा अर्थ लढाई. रोद्रिगो, फर्नांदोही त्याच घरातले. गोन्सालोचा मुलगा तो गोन्साल्विस, रोद्रिगोचा तो रॉड्रिग्ज. आमचं आडनाव रॉड्रिग्ज. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तरी ते आमच्याकडे राहिलं आणि काकांनीही ते कधी टाकलं नाही. मग नावावरच राग का?

नावाच्या दुसऱ्या भागाबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही, तेव्हा 'लढाईतला रक्षणकर्ता' वगैरे ठाम अर्थ कोणी सांगितला तर लगेच धरून चालू नका. संत अलोयशियस गोन्झागांशीही गल्लत नको. ते घराणं इटलीतल्या गोन्झागा गावावरून ओळखलं जातं.

जन्मदाखल्यावर आणि चर्चच्या नोंदीत स्पेलिंग एकच ठेवा, नाहीतर पुढे पासपोर्टला त्रास होतो. घरच्या वडीलधाऱ्यांना नाव आधी सांगा, पण परवानगी मागू नका. काका अजून माझ्या मुलाला 'बाबू' म्हणतात. मी दरवेळी सांगतो, काका, नाव घेऊन हाक मारा.